धावपट्टीच्या अलीकडचा वर्ग

पहाटे 5.00

डिसेंबरात माझा दिवस अंगणासमोरच्या विजेच्या खांबापासून सुरू होतो. खांबावरचा दिवा स्वच्छ दिसला तर चहा निवांत, दिव्याभोवती कडं दिसलं तर आधी फोन. इंदापूरच्या पलीकडे उजनीचं पाणी पसरलेलं आहे. रात्रभर आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन गार होत गेलेली आणि शेजारी एवढा जलाशय. धुक्याला आणखी काय लागतं? पुणे विमानतळाचा हवामान-अहवाल फोनवर बघता येतो, त्याला सगळे मेटार म्हणतात. त्यात दोन आकडे मधे तिरकी रेघ मारून लिहिलेले असतात, हवेचं तापमान आणि दवबिंदू. 12/11 दिसलं की समजायचं, अजून एका अंशाने गारठलं की हवेतली वाफ पाणी होणार.

तोवर बारामतीतली पोरं जागी झालेली असतात. ‘सर, सातची सॉर्टी होईल का?’ असा मेसेज येतो. सॉर्टी म्हणजे सरावाचं उड्डाण. मी लिहितो, ‘तूच सांग. दवबिंदू किती?’ उत्तर येईपर्यंत माझी दाढी उरकते.

मी वैमानिक नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. बारामतीच्या विमानतळावर शिकायला देशभरातून पोरंपोरी येतात, त्यांना आता हवामान आणि नेव्हिगेशन शिकवतो. म्हणजे एमएस्सी माझ्याकडे आणि विमान त्यांच्याकडे. त्यातल्या बहुतेकांचं कागदावरचं शिक्षण बारावी. कमर्शिअल पायलट लायसन्सला आपल्याकडे तेवढंच लागतं: वय 18 पूर्ण, फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी, मेडिकल, विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचे पेपर 70 टक्क्यांनी पास आणि 200 तासांचं उड्डाण. पदवीचा उल्लेखच नाही. घरी आलेले पाहुणे हे ऐकून दचकतात. तहसील कचेरीतल्या कारकुनाला पदवी आणि पायलटला बारावी? मग पुढच्या प्रवासाचं तिकीट काढलेलं असेल तर चेहरा आणखी उतरतो.

6.10

बारामतीची एसटी. ऊसतोडीचा हंगाम असल्याने रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा; दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून गाणी वाजवत चाललेले असतात आणि आमचा ड्रायव्हर त्यांच्या मागे मुकाट्याने रांगत असतो. निमगाव केतकीला पानमळेवाले पानांची गाठोडी घेऊन चढतात. जंक्शनला वालचंदनगरचा फाटा लागतो. वर्गातल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांना वाटतं या भागात ऊस आणि राजकारण सोडून काही पिकत नाही. या गावाला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. देशातला विमानांचा पहिला कारखाना तो, आजची एचएएल तिथूनच पुढे आली.

माझं खरं काम भवानीनगरला असतं. तिथल्या छत्रपती कारखान्याची चिमणी रस्त्यावरून दिसते. आज धूर थोडा सरळ वर गेला आणि मग कुणी वरून पाट दाबावा तसा आडवा पसरला. एका पातळीच्या वर जाईचना. याचा अर्थ वरची हवा खालच्यापेक्षा गरम आहे, थंड हवा तिच्याखाली कोंडलेली आहे, आणि धूर, धूळ, पाचटाचा जाळ, सगळं याच थरात अडकून राहणार. ऊन तापून झाकण फोडेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, समोरचं धूसर. पुस्तकात याला इन्व्हर्जन म्हणतात. बारावीच्या फिजिक्सला 95 मार्क मिळवलेल्या पोरांना मी हा धूर दाखवलाय. काहींना तो फक्त धूर दिसतो. एकदा एकाने विचारलं, ‘सर, हे कुठल्या चॅप्टरमध्ये आहे?’

7.50

विमानतळ गावापासून दूर, एमआयडीसीच्या बाजूला, गोजुबावी आणि कटफळच्या मधे. स्टँडवरून एक विद्यार्थी मला दुचाकीवर घेतो. आमचा थांबा कुंपणाबाहेरची टपरी. सातची सॉर्टी अर्थातच गेलेली नाही. पोरं चहाचे कागदी कप धरून पूर्वेकडे बघत उभी. साडेआठला क्षितिजावरची पाण्याची टाकी दिसायला लागली आणि पहिलं सेसना 152 निघालं.

हे विमान दोन माणसांचं. इंजिन 110 अश्वशक्तीचं, आणि माणसं, पेट्रोल धरून उड्डाणावेळी जास्तीत जास्त वजन 757 किलो. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीचं वजन याच्या कित्येक पट असेल. धावपट्टीला 11 आणि 29 अशी दोन तोंडं आहेत, म्हणजे कंपासवर 110 आणि 290 अंशांच्या जवळपास. विमान वर चढतं, डावीकडे वळतं, धावपट्टीला समांतर उलटं येतं, पुन्हा वळून उतरतं आणि चाकं टेकताच पुन्हा उडतं. या चक्राला सर्किट म्हणतात. गोजुबावीच्या म्हातारबाबांनाही आता डाउनविंड कुठला आणि फायनल कुठला ते कळतं. बारामतीत मोठ्या विमानतळासारखा रीतसर एटीसीचा कारभार नाही. प्रशिक्षण संस्थांचीच माणसं रेडिओवर असतात आणि प्रत्येक जण आपण कुठे आहोत ते सांगत राहतो. एखादा सांगायचा विसरला तर बाकीच्यांची मान गरागरा फिरते.

आज एका पोराची पहिली सोलो होती. विमान उतरलं, धावपट्टीवरून बाजूला झालं, उजवीकडचं दार उघडलं आणि इन्स्ट्रक्टर खाली उतरले. त्यांनी दार लावलं, कडी ओढून बघितली आणि मागे न बघता चालत निघाले. विमान एकट्याला घेऊन परत धावपट्टीवर. टपरीवर कुणी बोलेना. यात एक गंमत असते आणि ती मी वर्गात आधी सांगून ठेवतो: इन्स्ट्रक्टर उतरला की विमानाचं वजन दहाव्या हिश्श्याने कमी होतं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं आणि भराभर चढतं. सर्किटची उंची वेळेआधी येते. ज्याने हे नुसतं पाठ केलंय तो वर गेल्यावर गांगरतो. या पोराने नाक वेळेवर खाली घेतलं. उतरताना एकदा उसळी मारली, सावरला. नंतर दोस्तांनी डिसेंबरच्या थंडीत त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं.

त्याची मार्कशीट प्रवेशाच्या दिवशी एकदा बघितली गेली. त्यानंतर त्याला सोडायचं की नाही हे ठरवताना इन्स्ट्रक्टरने काय बघितलं असेल? लँडिंग, आवाजातली घाई, आणि ‘आत्ता इंजिन बंद पडलं तर कुठे उतरशील?’ या प्रश्नाला तो किती सेकंदांनी शेत दाखवतो, एवढंच. हा प्रश्न आमच्याकडे नुसता तोंडी नाही. 25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान पडलं. आतली मुलगी एकटीच होती. लागलं, पण वाचली. ऑक्टोबर 2023 मध्ये तर चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं याच परिसरात कोसळली आणि डीजीसीएला प्रशिक्षण थांबवून चौकशी लावावी लागली.

9.45

वर्ग. भाड्याचा हॉल, वीसेक खुर्च्या, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. हरियाणा, केरळ, लातूर, माळशिरस, सगळे एका ठिकाणी. वर्ग हिंदी-इंग्रजीत चालतो, चिडलो की मराठीत.

आज बारामती ते सोलापूर. हवेतून साधारण 83 नॉटिकल मैल, दिशा 112 अंशांच्या आसपास, म्हणजे धावपट्टी 11 जिकडे बघते जवळपास तिकडेच. निघाल्यावर डावीकडे इंदापूर, उजवीकडे अकलूज आणि बरोबर रेषेवर नीरा नरसिंहपूर, जिथे नीरा भीमेला मिळते. वैमानिकासाठी याहून चांगली खूण नाही. रस्ते एकसारखे दिसतात, उसाचे फड तर सगळेच हिरवे, पण दोन नद्यांचा संगम आसपास दुसरा नाही.

‘संगम 34 मैलांवर. वेग 90 नॉट. किती वेळाने?’

‘तेवीस मिनिटं, सर.’

‘तेविसाव्या मिनिटाला खाली बघितलंस, तर संगम दोन मैल उजवीकडे. आता?’

इथे नियम लागतो साठाला एकचा. साठ मैल गेल्यावर एक मैल बाजूला असाल तर तुम्ही एक अंश चुकला आहात. 34 मैलांत दोन मैल, म्हणजे साडेतीन अंश डावीकडे भरकटलोय. उरलेत 49 मैल, त्यात दोन मैल भरून काढायचे तर आणखी अडीच अंश. एकूण सहा अंश उजवीकडे. माळशिरसच्या पोराने वही न उघडता सांगितलं. शेजारी बसलेला बीई मेकॅनिकल टॅन इनव्हर्स काढत होता. त्याचं उत्तर जास्त अचूक आलं. पण तोवर 90 नॉटने तो आणखी दीड मैल पुढे गेला होता.

मी मेकॅनिकलवाल्याची थट्टा केली नाही. त्याला टॅन इनव्हर्स येतो म्हणूनच साठाला एक कुठून आलं ते तो बाकीच्यांना समजावू शकला, आणि मोठ्या कोनांना तो नियम का चालत नाही तेही. हे कळणं चांगलंच. प्रश्न असा आहे की चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमधलं हे किती आणि दहावीच्या भूमितीतलं किती.

मग उन्हाळ्याचं गणित. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी असतं 40. फरक 29 अंशांचा. प्रत्येक अंशामागे सुमारे 120 फूट धरा, झाले साडेतीन हजार. म्हणजे विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. कळसूबाईची उंची 5,400 फूट. ‘एप्रिलमध्ये दुपारी दोनला तुम्ही कळसूबाईच्या माथ्यावरून उडताय,’ असं सांगितलं की लातूरची मुलगी लगेच म्हणाली, ‘मग धावायला लांब लागेल आणि चढेलही कमी.’ बरोबर. म्हणून उन्हाळ्यात उड्डाणं सकाळी.

11.40

लातूरच्या मुलीने बारावी कॉमर्समधून केली. सगळ्यांचा वर्ग सुटला की ती आणि आणखी दोघं थांबतात, कारण त्यांना बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स मुक्त विद्यालयातून नव्याने द्यायचंय. नियमच तसा आहे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहावी पासवर लायसन्स मिळायचं, नंतर बारावी विज्ञान आलं. ही अट काढून आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही दार उघडण्याचा विचार डीजीसीए करत असल्याच्या बातम्या एप्रिल 2025 मध्ये आल्या, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. जुने सहकारी चिडलेले: फिजिक्सशिवाय विमान?

मी फिजिक्सचा मास्तर. फिजिक्सशिवाय विमान उडत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण बारावीच्या फिजिक्समध्ये आम्ही काय शिकवतो ते मला माहीत आहे: इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर, फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट. त्यातला एक मोठा भाग कॉकपिटमध्ये कुणाच्या कामाचा नाही. आणि जे कामाचं आहे, म्हणजे हवेचा दाब, दवबिंदू, वाऱ्याचे सदिश, पंखाचा कोन, ते डीजीसीएच्या पेपरात पुन्हा विचारलं जातंच. या मुलीने आय. सी. जोशींचं एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी पानापानावर पेन्सिलने खुणा करून वाचलंय. मुक्त विद्यालयाच्या मार्कशीटने तिच्या ज्ञानात फार भर पडणार नाही. तिचं वर्ष मात्र जाईल.

आज तिने विचारलं, ‘सर, स्टॉल म्हणजे वेग कमी होणं ना?’ हा घोटाळा सगळ्यांचा असतो. मी सांगितलं, संध्याकाळी एसटीत बस, कंडक्टर ओरडेपर्यंत हात खिडकीबाहेर काढ, तळहात जमिनीला समांतर. पुढची कड थोडी उचल, हात वर उचलला जाईल. आणखी उचल, आणखी वर जाईल. मग एका कोनाला हात एकदम फडफडतो आणि नुसता मागे ढकलला जातो. गाडीचा वेग तोच आहे. बदलला फक्त कोन. पंख स्टॉल होतो तो कोनामुळे. म्हणून स्टॉलमधून बाहेर यायचं तर नाक खाली करायचं, जमीन जवळ दिसत असली तरी. मन म्हणतं वर ओढ, आणि ओढलं की संपलं.

1.15

डबा. मेकॅनिकलवाला समोर बसला. त्याच्या मनात सकाळपासून काहीतरी होतं.

‘सर, अमेरिकेत तर डिग्री लागते ना? मग माझा काहीतरी फायदा?’

अमेरिकेतही लायसन्सला लागत नाही. जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकाओच्या अटींतही पदवी नाही. मोठ्या एअरलाइन्स मागायच्या, कारण अर्जांचा ढीग चाळायला चाळणी हवी असते. डेल्टाने जानेवारी 2022 मध्ये चार वर्षांच्या पदवीची सक्ती काढली; वैमानिक कमी पडायला लागले की चाळणीची भोकं मोठी होतात. तिथे पदवीचा एक सरकारी फायदा मात्र आहे आणि त्यामागची कथा त्या स्टॉलचीच. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. स्टॉलचा इशारा झाला आणि कॅप्टनने स्टिअरिंग मागे ओढलं. त्यानंतर कायदा झाला: एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही 1,500 तास हवेत. मात्र एव्हिएशनची पदवी असेल तर 1,000 तासांत चालेल. म्हणजे वर्गातली चार वर्षं म्हणजे हवेतले 500 तास, असा हिशेब कुणीतरी मांडला. आणि कोल्गनच्या दोन्ही वैमानिकांकडे 1,500 पेक्षा कितीतरी जास्त तास होते.

‘मग डिग्रीने काय होतं?’

‘वय वाढतं,’ मी म्हणालो. तो हसला, पण मी चेष्टा करत नव्हतो. पदवीच्या बाजूने मला पटणारा एकच मुद्दा हा आहे. अठराव्या वर्षी शिकायला लागलेलं पोर एकविसाव्या वर्षी दीड-पावणेदोनशे प्रवाशांच्या विमानात उजवीकडच्या खुर्चीत बसू शकतं. हवाई दलात एनडीएमधून जाणारा खडकवासल्यातून पदवी घेऊनच बाहेर पडतो. तीन वर्षं त्याला पहाटे उठवून, पळवून, रगडून घेतलेलं असतं. आपल्याकडचा पोरगा बारावी झाला की थेट इथे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मॅगी खात. माणूस घडायला वेळ लागतो हे खरं. पण तो वेळ बीएस्सीच्या बाकावरच गेला पाहिजे असं कुठे आहे? पदवीची तीन वर्षं कशी जातात ते मी खडू हातात घेऊन बघितलंय. हजेरी शंभराची, वर्गात अकरा.

उरला प्रश्न खऱ्या-खोट्याचा. वैमानिकांच्या जगात एक जुना शब्द आहे, पी-51 अवर्स. पार्कर 51 पेनने लॉगबुकात लिहिलेले तास, जे हवेत कधी गेलेच नाहीत. 2011 साली आपल्याकडे खोट्या गुणपत्रिका दाखवून वरचं लायसन्स मिळवलेले वैमानिक सापडले, गाजलं होतं. माझा राग या कागदांवर आहे. एक कागद खोटा करता येतो तर दोनही येतील. पदवीचा तिसरा मागून सुरक्षितता कशी वाढणार? तास मोजणारा माणूस प्रामाणिक हवा आणि परीक्षेचे प्रश्न दरवर्षी त्याच क्वेश्चन बँकेतून नकोत, एवढं केलं तरी पुष्कळ.

जे.आर.डी. टाटा 1929 साली देशातले पहिले लायसन्सधारी वैमानिक झाले, 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मातीवर उतरले. त्यांच्याकडेही विद्यापीठाची पदवी नव्हती. मेकॅनिकलवाल्याला हे उदाहरण आवडलं नाही. ‘सर, ते टाटा होते.’ यावर काय बोलणार?

3.00

बावड्याकडचे एक शेतकरी, सोबत मुलगा. मुलगा नुकताच बारावी सायन्स, फिजिक्सला 71. वडील खुर्चीच्या टोकावर बसलेले, टोपी मांडीवर. त्यांना एअरलाइन, अमेरिका, डीजीसीए काही विचारायचं नव्हतं.

‘सर, आधी बीएस्सी करून घ्यावं का लगेच हिकडं टाकावं?’

‘तुम्हाला काय वाटतं?’

‘मला वाटतं डिग्री पाहिजे. पोराचं लग्न बघताना इचारत्यात, शिक्षण काय. बारावी म्हणलं की फोन ठिवत्यात.’

‘पायलट आहे म्हणायचं.’

‘ते व्हईल तवा. न्हाई झाला तर?’

या तीन शब्दांत त्यांनी सगळा विषय मांडला. न्हाई झाला तर. डीजीसीएच्या नियमपुस्तकात या प्रश्नाला जागा नाही आणि असूही नये, कारण तो प्रवाशाच्या जिवाचा प्रश्न नाही. तो बावड्याच्या घराचा आहे.

मी त्यांना खर्च सांगितला. पन्नास लाखांच्या आसपास, त्यानंतर एखाद्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग करायचं तर त्याचे लाख वेगळे. ते गप्प झाले. त्यांना आकडा माहीत होता, माझ्या तोंडून ऐकायचा होता. बँक तारण मागते, तारण म्हणजे जमीन. परवाना घेऊन नोकरीची वाट बघत बसलेली पोरंही आहेत, आणि नोकरी लागलेली पोरंही कायमची निर्धास्त नसतात. किंगफिशर 2012 मध्ये बसली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. जेटच्या वैमानिकांचे थकलेले पगार पेपरात वाचले असतील. मेडिकल दरवर्षी. चाळिशीत डोळा, कान, हृदय, कशातही खोट निघाली तर लायसन्स खिशात आणि माणूस घरी. त्या दिवशी बारावीवर कुठे अर्ज करणार? एमपीएससीचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही.

‘म्हणजे डिग्री पाहिजेच,’ वडील म्हणाले.

‘पाहिजे. पण आधी नको, आणि सक्तीची तर नकोच.’

का नको, हे मला नीट सांगायचं होतं. सरकारने उद्या पदवीची अट घातली तर दिल्ली-मुंबईच्या श्रीमंत पोराला काही फरक पडत नाही. तो परदेशातून पदवी आणि लायसन्स जोडीने घेऊन येईल. इथेही तशी सोय आहे, बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या कॉलेजात मुंबई विद्यापीठाची एरोनॉटिक्सची बीएस्सी होते. अडणार तो यांचा पोरगा. त्याच्यासाठी तीन वर्षं म्हणजे तीन वर्षांचा खोलीभाडं-मेसचा खर्च आणि तीन वर्षं लांबलेली कमाई. या धंद्याचं दार आधीच पैशाने अरुंद केलंय. राज्य सरकारच्या महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये ओबीसी, भटक्या-विमुक्त पोरांना पायलट करायची योजना काढली, ती याच अरुंद दारासाठी. त्यात आणखी एक अडसर कशाला?

म्हणून माझा सल्ला: नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीए किंवा बीकॉमला नाव घाला. फी परवडते, अभ्यास घरी. उड्डाण शिकताना धुक्याने, पावसाने, विमान दुरुस्तीला गेल्याने पोरं आठवडेच्या आठवडे खोलीत बसून असतात, त्या वेळात पदवी होते. इतिहास घेतला तरी चालेल. पायलटने इतिहास वाचला तर बिघडत नाही.

मुलगा पहिल्यांदा बोलला. ‘सर, माझं मराठी मीडियम आहे. जमेल?’

‘फिजिक्स जमेल. रेडिओ जड जाईल.’

5.15

तो जड का जातो ते रोज या तासाला दिसतं. रेडिओच्या तोंडी परीक्षेचा सराव. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून, एक विमान, एक टॉवर. माळशिरसचा पोरगा, सकाळी सहा अंश वही न उघडता सांगणारा, इथे घामाघूम. पाठ केलेली वाक्यं सुटली की त्याला आधी मराठीत सुचतं, मग ते इंग्रजीत आणेपर्यंत समोरून दुसरा निरोप आलेला असतो. आयकाओची भाषेची अट पातळी चारची आहे, म्हणजे साहित्यिक इंग्रजी नको, पण अडचणीत असताना आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. ‘इंजिन धडधडतंय, मी कडबनवाडीच्या उत्तरेला आहे, शेतात उतरतोय’ हे त्याने आज तीन प्रयत्नांत सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज स्थिर होता. बीएला इंग्रजी कंपल्सरी असूनही हे कुठल्या विद्यापीठात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

6.40

परतीची एसटी. भवानीनगरला अंधार, चिमणी दिसत नाही. झोपतो.

9.20

जेवण झालं आणि बावड्याहून फोन.

‘सर, घरात बोलणं झालं. मुक्त विद्यापीठाचं पटलं समद्यांना. मंडळी म्हणती, लेखी डिग्री असली म्हंजी बास.’

‘छान झालं.’

‘मग उद्याच तलाठ्याकडं जाऊन सात-बारा काढू का? बँकेत द्यायला?’

‘दादा, थांबा. सात-बारा कुठे पळून जात नाही. आधी डीजीसीएच्या यादीतला डॉक्टर गाठा आणि क्लास टू मेडिकल करून घ्या. डोळे, रंग ओळखणं, कान, ईसीजी, सगळं. त्यात काही निघालं तर पन्नास लाख वाचले.’

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग लांबून मुलाला हाक मारल्याचं ऐकू आलं: ‘आरं, तुला लाल-हिरवं नीट दिसतं का रं?’